बग दिसतो एकीकडे, असतो भलतीकडे: दुधाच्या गाडीचा किस्सा आणि तुझा सोमवार

तुझा प्रश्न थोडक्यात असा की दीड वर्ष झालं बॅकएंडवर, म्हणजे पडद्यामागच्या सर्व्हरच्या कोडवर काम करतोयस, विजय नगरला ऑफिस, कोड लिहिता येतो पण बग, म्हणजे कोडमधली चूक, आला की डोकं बधिर होतं. सीनियर येतो, दहा मिनिटं बघतो आणि शोधून देतो. एआयला विचारलं तर तो पाच कारणं सांगतो आणि पाचही खरी वाटतात. मग ही विचार करायची पद्धत शिकता येते का, की काही लोकांना ती जन्मतःच असते? आणि जाता जाता एक सध्याचा बगही लिहिलायस, दर सोमवारी सकाळी पहिलं पेमेंट फेल होतं, कनेक्शनचा काहीतरी एरर येतो, सर्व्हर रिस्टार्ट केला की आठवडाभर चालतं. त्या सोमवारकडे शेवटी येतो, आधी मोठ्या प्रश्नाचं बघू.

मी बावीस वर्षं हेच करतोय, सगळी इंदूरलाच. पुण्याला जायचं दोनदा ठरलं होतं, दोन्ही वेळा आई म्हणाली तिथे पोहे धड मिळत नाहीत, राहिलो इथेच. जन्मजात वगैरे काही नसतं रे. तुझा सीनियर तुझ्यापेक्षा हुशार असेलही, पण त्या दहा मिनिटांत हुशारी फारशी लागत नाही. तू खुर्चीत बसून कोड वाचत विचार करतोस की हे असं का झालं असेल, आणि तो विचार न करता आधी बघतो, लॉग, म्हणजे सर्व्हरने काय काय केलं त्याची नोंद, उघडतो, डेटाबेसच्या टेबलात ती एक ओळ काढून बघतो, रिक्वेस्ट खरंच आली का ते बघतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं याला सुचलं. सुचलेलं काही नसतं, दिसलेलं असतं.

हे मला कोणी शिकवलं नाही, एका दुधाच्या गाडीने शिकवलं, आणि ती गोष्ट सांगताना मला अजून थोडी लाज वाटते.

सात-आठ वर्षं झाली. एका डेअरीचं सॉफ्टवेअर आम्ही केलं होतं, घरोघर रतीब घालायचा हिशोब, इथे त्याला बंदी म्हणतात. चार गाड्या. गाडीत किती लिटर चढवलं ते काउंटरवरचा मुलगा तारीख टाकून हाताने भरायचा, आणि गाडीवाला प्रत्येक घरी दूध दिलं की मोबाईलवर बटण दाबायचा, त्याची वेळ सर्व्हर आपोआप घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या परत आल्या की आदल्या दिवसाचा रिपोर्ट निघायचा, चढवलं किती, वाटलं किती, फरक किती. साधं काम. सहा महिने छान चाललं, तीन गाड्यांचा फरक शून्य, एका गाडीचा कधी दोन लिटर कमी, कधी तीन लिटर जास्त, कोणी लक्ष दिलं नाही, दूध आहे, सांडतं.

मग कोजागिरी आली. कोजागिरीला इंदूरात दूध किती लागतं ते तुला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा फोन. "भिया, एक गाड़ी में पैंतीस लीटर कम है, लड़का चोर निकला." पस्तीस लिटर. त्या गाडीवाल्याच्या पगारातून पैसे कापले पण होते, आणि मला फोन कशासाठी, तर जुने रिपोर्ट काढून दे, आधी किती खाल्लं ते बघायचंय.

आता माझं काय झालं ते ऐक, कारण तुझंही हेच होतं. मी मनात ठरवूनच टाकलं की सॉफ्टवेअर बरोबर आहे. का, तर बाकी तीन गाड्यांचा हिशोब जुळतोय, कोड तोच आहे, मग चौथ्याच गाडीचं कसं चुकेल? हे लॉजिक ऐकायला किती पक्कं वाटतं बघ. मी पण मान डोलावली की मुलाने विकलं असेल बाहेर, कोजागिरीला भाव होता. तरी खात्री म्हणून दोन दिवस कोड वाचला, बेरजेचं फंक्शन, अर्धा लिटरचं राउंडिंग, डुप्लिकेट एंट्री, सगळं ठीक. म्हणजे कोड वाचून मी माझीच समजूत पक्की करत होतो.

तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला रिपोर्ट प्रिंट करून दे, पोलिसात द्यायचाय. तेव्हा जरा पोटात गोळा आला आणि मी पहिल्यांदा तो पूर्ण महिन्याचा रिपोर्ट वरून खालपर्यंत नीट बघितला. कोजागिरीच्या दिवशी ३५ लिटर कमी. आणि कोजागिरीच्या आदल्या दिवशी ३५ लिटर जास्त. १२० लिटर चढवलेल्या गाडीतून १५५ लिटर वाटलेलं. कमी दिसलं ते सगळ्यांनी बघितलं होतं, जास्तीकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. अरे चोर आदल्या दिवशी स्वतःच्या पदरचं ३५ लिटर दूध कशाला वाटेल?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या गाडीत जाऊन बसलो. ऑक्टोबर होता, गार वारा, साडेचारला गाडी निघाली आणि तेव्हा कळलं की बाकी तीन गाड्या सहाच्या आसपास निघतात, हा एकटाच साडेचारला निघतो कारण याची लाइन लांब आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत. मांडीवर लॅपटॉप, मोबाईलचं हॉटस्पॉट. त्याने पहिल्या घरी बटण दाबलं, ४ वाजून ५० मिनिटं. मी टेबलात ती ओळ बघितली. आदल्या दिवसाची तारीख, वेळ २३:२०.

तुला कळलं असेल. सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे लंडनजवळच्या शून्य रेखांशाच्या जागतिक वेळेत ठेवत होता, आपण साडेपाच तास पुढे. रिपोर्टने त्या वेळेतून तारीख काढली पण आधी साडेपाच तास जोडले नाहीत. सकाळी साडेपाचच्या नंतर बटण दाबलं तर दोन्हीकडे तारीख एकच, साडेपाचच्या आधी दाबलं तर कालची. म्हणून तीन गाड्या बरोबर आणि चौथी चूक, कोड तोच असून. रोज साडेपाचच्या आधीचं ७० लिटर काल जायचं आणि उद्याचं ७० लिटर आज यायचं, गिऱ्हाइकं ठरलेली त्यामुळे बेरीज जवळपास जुळायची, ते दोन-तीन लिटर इकडेतिकडे म्हणजे कोणीतरी गावाला गेलेलं किंवा कोणाकडे पाहुणे. कोजागिरीला मात्र १८० लिटर चढवलं, त्यातलं १०५ साडेपाचच्या आधी वाटलं गेलं आणि आदल्या दिवसात जाऊन बसलं. बाकी ७५, अधिक दुसऱ्या दिवसाचं नेहमीचं ७०, झाले १४५. कमी किती? ३५. हिशोब अगदी चोख होता, फक्त चुकीच्या तारखेला.

दुरुस्ती एका ओळीची. जो माणूस सगळ्यात आधी उठून कामाला लागायचा, आमचं सॉफ्टवेअर नेमकं त्यालाच चोर ठरवत होतं. मालकाने पुढच्या महिन्यात पैसे परत दिले, सॉरी वगैरे नाही, आणि मी पण त्या मुलाला नीट काही बोलू शकलो नाही, गाडीतून उतरताना चहा घेऊ म्हणालो, तो म्हणाला लाइन बाकी है साब.

साडेपाच तासांचं थोडं विषयांतर करतो, कारण हे तुला आयुष्यभर चावणार आहे. आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, मिर्झापूरजवळून जाते ती रेषा, दर १५ अंशाला एक तास म्हणून साडेपाच. इंदूर त्या रेषेच्या बरंच पश्चिमेला, ७६ अंशाच्या जरा अलीकडे, म्हणजे आपल्या डोक्यावरचा सूर्य घड्याळापेक्षा साधारण २६ मिनिटं मागे चालतो, बारा वाजता खरी दुपार झालेलीच नसते. आणि गंमत अशी की जुन्या ज्योतिर्गणितात शून्य रेखांश शेजारच्या उज्जैनचं मानायचे, ते टिकलं असतं तर आपल्याकडे हा बग आलाच नसता, लंडनवाल्यांकडे आला असता. नेपाळवाल्यांचं तर अजून अवघड, पावणेसहा तास.

तर मुद्दा. वेळ म्हणजे नुसता आकडा नाही, कुठली वेळ ते सोबत लागतं. नासाचं मंगळावर पाठवलेलं एक यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, १९९९ च्या सप्टेंबरात असंच गेलं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या, म्हणजे यानाची दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, धक्क्याचे आकडे पाउंडात दिले आणि पुढच्याने ते न्यूटनमध्ये आहेत असं समजून वापरले, जवळपास साडेचारपट फरक. पण मला त्यातलं जास्त लागलेलं वेगळं आहे. यानाचा मार्ग बघणाऱ्यांना आकडे बरोबर नाहीत हे आधी जाणवलं होतं, ते बोलले पण, पण त्याचा पाठपुरावा धड झाला नाही. माझ्या त्या दोन-तीन लिटरसारखंच ते. छोट्या फरकाचं कारण कळत नसेल तर तो छोटा आहे म्हणून सोडू नये, तोच तर पत्ता असतो.

आता तू विचारलंयस की शिकायचं कसं. मी जे करतो ते सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नकोस त्याला.

एक साधी वही. पानाच्या मध्ये रेघ. डावीकडे जे डोळ्याने बघितलं ते, उजवीकडे जे वाटतं ते. कोड बरोबर आहे, हे उजवीकडे. गाडीवाल्याने विकलं, उजवीकडे. ३५ कमी, डावीकडे. आदल्या दिवशी ३५ जास्त, डावीकडे. पहिल्यांदा करशील तेव्हा जाम हसू येईल कारण डावी बाजू जवळपास रिकामी निघते, आणि आपण दोन तास ज्याच्यावर भांडत होतो ते सगळं उजवीकडे. मी आजही करतो, पोरं मला हसतात, हसू दे.

दुसरं म्हणजे अर्धं करणं. हे घरी नळाचं करतोस तसंच. आमच्या राजेंद्र नगरच्या घरी नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, जलूदहून पंपाने चढवून आणलेलं ते पाणी आधी हौदात, हौदातून मोटरने गच्चीवरच्या टाकीत, तिथून स्वयंपाकघरात. नळ कोरडा पडला की घरात लगेच निकाल लागतो, मोटर गेली, मेकॅनिकला फोन करा. मी आधी गच्चीवर जातो. टाकीत पाणी आहे? मग मोटर, हौद, नर्मदा सगळे एका झटक्यात निर्दोष सुटले, जे काय आहे ते टाकी आणि नळाच्या मध्ये. नाही? मग खालचा पाइप आणि नळ सुटले. मधे जाऊन एकदा बघायचं आणि अर्धा संशय घरी पाठवायचा. कोडमध्ये पण तेच, ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत जी साखळी आहे तिच्या मधे एक लॉग टाक, आकडा तिथे बरोबर आहे का बघ. आणि काल चालत होतं आज नाही असं असेल तर गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बायसेक्ट आहेच, हजार कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, असतील तरी दहा वेळा तपासून नेमका कमिट सापडतो, प्रत्येक वेळी निम्मे बाद. दहा! आणि आपण शेवटचे पाच कमिट डोळ्याने वाचत रात्र घालवतो कारण त्यातला एक त्या अमुक मुलाचा असतो आणि तो निष्काळजी आहे हे आपलं आधीच ठरलेलं असतं.

एका वेळी एकच बदल. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी पाळत नाही, मॅनेजर मागे उभा राहून कब तक होगा विचारत असला की तर अजिबातच नाही. तीन गोष्टी बदलल्या, चालायला लागलं, पण कशाने चाललं ते माहीत नाही, म्हणजे बग गेला नाही, लपला.

घरच्या लोकांवर हे फार वापरू नकोस, एवढी एक सूचना. आई म्हणाली नेट चालत नाही तर मी सवयीने विचारायला लागलो, वायफायवर की डाटावर, सगळंच बंद की फक्त व्हॉट्सॲप, शेवटचं कधी चाललं होतं. ती म्हणाली तुझे बाबा बरे, ते नुसता फोन बंद करून चालू करायचे. आणि झालं चालू. पण तिची जोडणी नेमकी कशाने अडकली होती ते मला आजतागायत माहीत नाही आणि दर पंधरा दिवसांनी परत अडकते, तेव्हा बाबांची पद्धत काही पूर्ण बरोबर म्हणता येणार नाही.

एआयचं. मी रोज वापरतो, म्हाताऱ्यासारखं नाक मुरडणार नाही. पण तो सकाळी पोह्याच्या ठेल्यावर भेटणाऱ्या त्या काकांसारखा आहे ज्यांच्याकडे प्रत्येक आजारावर औषध असतं. गुडघा दुखतो म्हण, लगेच पाच कारणं, पाचही कुणाच्या ना कुणाच्या गुडघ्याची खरी, पण तुझा गुडघा त्यांनी बघितलेला नाही. एआयला तुझं टेबल दिसत नाही, गाडी साडेचारला निघते हे त्याला माहीत नाही, मलाच कुठे माहीत होतं. आता मी त्याला कारण विचारत नाही, विचारतो की ही पाच कारणं खोटी पाडायची असतील तर प्रत्येकासाठी एक एक काय तपासू. मग तो खरंच कामाचा होतो, कारण तो मला बघायला पाठवतो. उत्तर मागितलं की तो माझी उजवी बाजू भरतो, तपासणी मागितली की डावी भरायला मदत करतो.

आणि सीनियरबद्दल थोडं. पुढच्या वेळी तो आला की उत्तर काय दिलं ते सोड, त्याने पहिली तीन मिनिटं काय काय उघडून बघितलं ते लिहून ठेव. कुठला लॉग, कुठली क्वेरी, काय विचारलं. चार-पाच वेळा असं केलंस की लक्षात येईल की तो दर वेळी जवळपास त्याच जागा बघतो. आमचे एक जुने सर तर स्क्रीनकडे यायच्या आधी एवढंच विचारायचे, "शेवटचं बरोबर कधी चाललं होतं आणि तेव्हापासून काय बदललं?" निम्म्या वेळा आम्ही उत्तर देता देताच उठून परत जागेवर जायचो.

आता तुझा सोमवार. यात माझा एक अंदाज आहे आणि तो मी उजवीकडेच लिहिणार आहे, कारण मी तुझा सर्व्हर बघितलेला नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये वेट टाइमआउट नावाची सेटिंग असते, कोणी हात लावला नसेल तर २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. एखादं कनेक्शन तेवढा वेळ गप्प राहिलं की डेटाबेस ते आपल्या बाजूने बंद करतो, पण तुझ्या ॲपच्या पूलला, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्याला, ते कळलेलं नसतं, तो तेच मेलेलं कनेक्शन सोमवारच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात देतो. रिस्टार्टने चालतं कारण पूल नवीन बनतो. सगळं जुळतंय ना? माझं चोराचं लॉजिक पण असंच जुळत होतं. म्हणून आधी हे बघ की रोज सकाळी का होत नाही. तुमची सपोर्टची टीम अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री दोन-तीनपर्यंत बसत असेल तर रोजची शांतता ८ तासांपेक्षा कमी भरते आणि शनिवार-रविवारची मात्र जास्त, हे ॲक्सेस लॉगमध्ये दहा मिनिटांत दिसेल. तशी गॅप दिसलीच नाही तर माझा अंदाज तिथेच मेला, पुढचं करू नकोस.

दिसली तर टेस्ट सर्व्हरवर ती सेटिंग ६० सेकंद कर, ॲप रिस्टार्ट कर म्हणजे कनेक्शनं नव्या सेटिंगने उघडतील, एक पेमेंट मार, चालेल. मग दोन मिनिटं कशाला हात लावू नकोस, चहा पिऊन ये, आणि परत एक पेमेंट मार. तोच एरर आला, शब्दशः तोच, तर सापडलं, मग पूलला सांग की कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का तपास, किंवा त्याचं आयुष्य डेटाबेसच्या टाइमआउटपेक्षा कमी ठेव. वेगळा एरर आला तर तो तसाच कॉपी करून मला पाठव, स्वतःच्या शब्दात सांगू नकोस. पण पुढच्या सोमवारची वाट बघत बसू नकोस, उद्या मंगळवारीच सोमवार करून बघ.